मातोश्री रमाबाई आंबेडकर : परळच्या बिऱ्हाडातील दिवस

थोर पुरुषांची चरित्रे लिहिणारे लेखक त्यांच्या परदेशगमनाचे वर्णन मोठ्या उत्साहाने करतात. बोट कोणत्या दिवशी सुटली, विद्यापीठात कोणते गुरू लाभले, प्रबंधाचा विषय काय होता, कोणती पदवी केव्हा मिळाली, हे सर्व तपशील वाचकास मिळतात. पण ज्या घरातून तो पुरुष निघाला त्या घरात दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटली, याविषयी चार ओळींपलीकडे सहसा मजकूर नसतो. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राबाबतही थोडाफार असाच प्रकार झाला आहे. बाबासाहेब विद्यार्जनासाठी दोन वेळा समुद्रापार गेले. पहिला प्रवास जून १९१३ ते ऑगस्ट १९१७ आणि दुसरा जुलै १९२० ते एप्रिल १९२३. हिशेब केला तर ही सुमारे सात वर्षे होतात. या सात वर्षांत परळच्या बिऱ्हाडाचा भार ज्यांनी वाहिला त्या मातोश्री रमाबाईंच्या त्या काळातील संसाराविषयी प्रस्तुत लेखात लिहावे, असे योजिले आहे.

रमाबाईंचे माहेर कोकणातले. दापोली तालुक्यातील वणंद हे त्यांचे गाव, आणि ७ फेब्रुवारी १८९८ हा त्यांचा जन्मदिवस म्हणून पाळला जातो. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहण्याची हमाली करीत. आईचे नाव रुक्मिणी. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपले आणि पोरकी भावंडे नातलगांच्या आधाराने मुंबईस भायखळ्याला आली. आपल्या कोकणातील कितीतरी कुटुंबांची कहाणी याच वाटेने मुंबईस आलेली आहे, त्यामुळे तिचा विस्तार आपल्या वाचकांपुढे करण्याचे कारण नाही.

विवाह झाला तेव्हा रमाबाईंचे वय अवघे नऊ वर्षांच्या सुमाराचे होते. भायखळ्याच्या बाजारात रात्री कोळिणी उठून गेल्यावर त्याच छपराखाली हे लग्न लागले. पाहुणे मासळीच्या ओट्यांवर बसले होते आणि खालून गटाराचे पाणी वाहत होते. पहाटे बाजार भरण्यापूर्वी मंडप मोकळा करून देणे भाग होते. त्या काळी आपल्या लोकांस कार्यालय कोण देणार? सासरे सुभेदार रामजी यांनी या सुनेस लेकीसारखे वागविले. घरात पुस्तकांचा दरारा होता आणि घरातील सर्वांची वागणूक मुलाच्या अभ्यासाकडे पाहून ठरत असे, ही गोष्ट त्या मुलीच्या ध्यानात फार लवकर आली असावी.

परळ येथील पोयबावडीजवळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत हे कुटुंब १९१२ साली राहावयास आले. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत जी सुधार ट्रस्ट स्थापन झाली तिने मजूरवर्गासाठी या चाळी बांधल्या. आजूबाजूस गिरण्या आणि रेल्वेचे कारखाने, भोंग्यावर उठणारी व भोंग्यावर जेवणारी वस्ती, सामाईक नळ, सामाईक संडास. त्या चाळीतील दुसऱ्या मजल्यावरच्या ५० व ५१ या क्रमांकांच्या दोन खोल्या म्हणजेच रमाबाईंचे सुमारे बावीस वर्षांचे जग. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंताचा जन्म झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, रामजी सुभेदारांनी देह ठेविला. सुभेदारांबरोबर त्यांचे निवृत्तिवेतनही संपले. आणि त्याच वर्षी जूनमध्ये सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला निघाले.

वाचकांनी क्षणभर या तारखांकडे पाहावे. पत्नीचे वय पंधरा वर्षे आणि मांडीवर सहा महिन्यांचे मूल. ज्याच्या शब्दावर घर चालत असे तो सासरा नुकताच गेलेला, आणि नवरा सातासमुद्रापार. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. तेवढ्यात तिकडची खोली, जेवण आणि पुस्तके भागवावयाची आणि त्यातूनच वाचवून घरी पाठवावयाचे. बाबासाहेब एका वेळच्या खाण्यावर दिवस काढीत आणि उरलेले घराकडे लावीत, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे. पण असे पोट मारून पाठविलेले पैसे येईपर्यंत वाण्याच्या दुकानी काय सांगावयाचे, हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये नव्हे, परळमध्ये सोडवावा लागत होता.

तो कसा सोडविला गेला? भाऊ शंकरराव मजुरी करी, त्याचा हातभार होता. रमाबाई स्वतः शेण गोळा करून गोवऱ्या थापीत आणि विकीत, ही आठवण परळ-वरळीच्या जुन्या लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे. पदवीधराच्या, पुढे बॅरिस्टराच्या, पत्नीने डोक्यावर गोवऱ्या वाहिल्या असे लोकांनी म्हणू नये म्हणून त्या उजाडण्यापूर्वी किंवा अंधार पडल्यावर बाहेर पडत, असेही सांगतात. या आठवणीत मला कष्टांपेक्षा ती लाज अधिक मोलाची वाटते. ती लाज स्वतःसाठी नव्हती. गोवऱ्या थापण्याचे आपल्या आयाबहिणींस काय अप्रूप? पण पतीच्या नावास जे वजन येऊ घातले होते ते कमी होऊ नये, याची काळजी एका निरक्षर मुलीने घेतली. ते नाव अजून कोणाच्याही तोंडी नव्हते, त्या वेळची ही गोष्ट आहे.

त्यातच १९१४ साली महायुद्ध पेटले. धान्य महागले. टपालाच्या बोटींचा भरवसा उरला नाही. पत्र येण्यास महिना लागो वा दोन लागोत, वाट पाहण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. जून १९१६ मध्ये बाबासाहेब अमेरिकेहून लंडनला गेले. तेथे अभ्यास मांडतात न मांडतात तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांस परत निघावे लागले. या परतीच्या प्रवासातील एक प्रसंग रमाबाईंच्या चरित्रातील सर्वांत बिकट म्हणावा लागेल. पाणतीराने बोट बुडविल्याची बातमी मुंबईत येऊन थडकली आणि परळच्या त्या खोलीत रडारड झाली. पुढे चौकशीअंती समजले की बुडाली ती सामानाची बोट. बाबासाहेब स्वतः कैसर-इ-हिंद या दुसऱ्या बोटीवर होते आणि सुखरूप होते. बुडालेल्या बोटीबरोबर त्यांची कष्टाने जमविलेली पुस्तके गेली, आणि त्याविषयी सर्व चरित्रकार हळहळतात. हळहळावे अशीच ती गोष्ट आहे. परंतु पहिली बातमी आणि दुसरी बातमी यांच्या दरम्यानचा जो काळ एकोणीस वर्षांच्या रमाबाईंनी कुंकवाकडे पाहत काढला असेल, त्याविषयी कोणी लिहिलेले नाही. २१ ऑगस्ट १९१७ रोजी बाबासाहेब मुंबईस पोहोचले. त्यांनी सहा महिन्यांचा सोडलेला यशवंत आता पावणेपाच वर्षांचा झाला होता.

बडोद्याच्या नोकरीत बाबासाहेबांचा जो छळ झाला तो सर्वश्रुत आहे, त्याची पुनरुक्ती येथे नको. नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार ४५० रुपये होता. चाळीतील शेजाऱ्यांना वाटले असेल की आता या घरास बरे दिवस आले. पण पगाराचा मोठा हिस्सा लंडनच्या अपुऱ्या राहिलेल्या अभ्यासासाठी बाजूला पडू लागला आणि ठरीव तेवढीच रक्कम घरात येऊ लागली. त्या रकमेच्या रमाबाई तीस पुड्या बांधीत आणि दररोज एकच पुडी सोडीत, असे सांगतात. माझी हयात मुलांस जमाखर्चाची उदाहरणे घालण्यात गेली. मिळकत अमुक, खर्च तमुक, तर शिल्लक किती, असे आम्ही फळ्यावर लिहीत असू. ज्या बाईने पाटीवर कधी अंक गिरविला नव्हता तिने महिन्याचा भागाकार असा सुतळीने बांधून फडताळात ठेविला, ही पद्धत आमच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हती. महिना एकतीस दिवसांचा असला म्हणजे त्या काय करीत असतील, हा विचार मात्र माझ्या मनात पुष्कळदा येऊन गेला आहे.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा निघाले. या खेपेस बडोद्याची शिष्यवृत्ती नव्हती. स्वतःची शिल्लक, पारशी मित्र नवल भथेना यांचे कर्ज आणि छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य एवढ्या बळावर हा प्रवास होता. घरी रमाबाई, यशवंत आणि अंगावरची लहान मुले होती. थोरले दीर आनंदराव यांच्या पश्चात जाऊ लक्ष्मीबाई व पुतण्या मुकुंद यांचाही संसार याच चुलीवर चालला. एकत्र कुटुंबात दोन बायका आणि तुटपुंजी मिळकत म्हणजे भांड्याला भांडे लागणारच, असा जगाचा अनुभव आहे. या घरात मुकुंद आणि यशवंत यांच्यांत भेद झाल्याचे ऐकिवात नाही. पुढे बाबासाहेबांच्या पत्रांतही दोन्ही मुलांच्या शिक्षणाची चौकशी जोडीनेच येते.

पत्रांचा विषय निघालाच आहे, तर नोव्हेंबर १९२१ च्या पत्राविषयी लिहिणे अवश्य आहे. हे लंडनहून रमाबाईंस लिहिलेले पत्र पुष्कळ ठिकाणी छापून आले आहे. पत्र अगदी लहान आहे. मुलगा गंगाधर आजारी असल्याचे घरून कळले होते, त्याविषयी दुःख दाखवून बाबासाहेबांनी पत्नीस धीर दिला आहे. तिचा लिहिण्यावाचण्याचा अभ्यास चालू असल्याबद्दल संतोष दर्शविला आहे. आपणच अन्नास महाग झालो असून पाठविण्याजोगे हाती काही नाही, तथापि व्यवस्था करीत आहोत, असे स्पष्ट कळविले आहे. आणि पैसे येण्यास वेळ लागला तर अंगावरचे दागिने मोडून चरितार्थ चालवावा, परत आल्यावर आपण ते पुन्हा घडवून देऊ, असा सल्ला दिला आहे.

या सल्ल्याचा अर्थ आपल्या घरांतील जुन्या बायकांस विचारावा. आमच्या चाळीत मनिऑर्डर न आलेल्या बायकांची पत्रे लहानपणी मी लिहून दिलेली आहेत. तांदूळ संपल्याचे त्या सहज सांगत, पण मणी गहाण ठेवल्याचे वाक्य सांगताना आवाज उतरे, आणि कित्येकदा ते वाक्य खोडावयास लावीत. गरिबाच्या घरी दागिना म्हणजे नटण्याची वस्तू नव्हे. ती आजारपणाची, बाळंतपणाची आणि मरणाची तरतूद असते. येथे तर दागिना मोडण्याची गोष्ट पत्नीने नव्हे, पतीने लिहिली. यावरून दोघांमध्ये घरच्या दारिद्र्याविषयी आडपडदा उरलेला नव्हता, हे दिसते. तिकडे लंडनमध्ये पती पावाच्या तुकड्यावर व रात्री भाजलेल्या पापडावर राहून रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होता, आणि इकडे परळमध्ये पत्नी तोच प्रश्न आण्यापैंत सोडवीत होती.

रमाबाईंनी या काळात लोकांकडून मदत घेण्याचे टाळले, असे सर्व जुन्या आठवणींचे एकमुखी सांगणे आहे. चाळीतील व ज्ञातीतील लोक प्रेमाने काही देऊ करीत, तर त्या नम्रपणे परत करीत. काहींस हा ताठा वाटला असेल. मला तसे वाटत नाही. ज्या पुरुषाने पुढे सर्व समाजाच्या वतीने बोलावयाचे होते त्याच्या घरावर कोणाच्या उपकाराचे ओझे नसणे किती महत्त्वाचे ठरले, हे आपण आज मागे वळून पाहिल्यावर समजतो. रमाबाईंनी ते इतक्या दूरच्या हिशेबाने केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांनी ते केले एवढे मात्र खरे.

आता ज्या गोष्टीविषयी लिहिताना हात अडखळतो ती सांगितली पाहिजे. रमाबाईंस पाच अपत्ये झाली : यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. यांपैकी एकटा यशवंत वाढला. बाकीची चारही लेकरे बालपणीच गेली. औषधास पैसा नव्हता, आणि चाळीतील हवापाणी कसे होते ते वर आलेच आहे. एका मुलाच्या वेळी कफनाच्या कापडासही पैसे नव्हते आणि आईने आपल्याच लुगड्याचा तुकडा फाडून दिला, असे सांगतात. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. तेव्हा बाबासाहेब मुंबईतच होते. त्या आघाताने आपण उभयतां खचून गेलो आहोत, असे त्यांनी पुढील महिन्यात एका स्नेह्यास कळविले. बाबासाहेबांपुढे काम होते, सभा होत्या, मुंबई कायदेकौन्सिल होते. रमाबाईंपुढे त्याच दोन खोल्या होत्या. त्यांची प्रकृती त्यानंतर कधीच धड झाली नाही.

एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब परतले ते पैसे संपले म्हणून. प्रबंधात परीक्षकांनी फेरबदल सुचविले होते, ते त्यांनी मुंबईस येऊन केले आणि प्रबंध पुन्हा लंडनला पाठविला. त्याच वर्षी त्यांस डी. एस्सी. ही पदवी मिळाली. म्हणजे त्या जगप्रसिद्ध प्रबंधाचा अखेरचा हात परळच्या बिऱ्हाडात फिरला आहे. घरात मुले असता, सामाईक नळावर भांडणे चालली असता, ती शांतता कोणी राखली असेल हे सांगावयास नको. सनद काढण्यासही पुन्हा भथेनांचेच पैसे घ्यावे लागले. मोडलेले दागिने घडवून देण्याचे दिवस इतक्या लवकर येणार नव्हते.

घरी असूनही बाबासाहेब घरचे फारसे राहिले नाहीत. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली, १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, १९३० पासून गोलमेज परिषदांसाठी तीन वेळा विलायतेस जाणे झाले. पहिल्या परिषदेस ते ऑक्टोबर १९३० मध्ये गेले ते फेब्रुवारी १९३१ च्या अखेरीस परतले. वर्तमानपत्रांत त्यांचे नाव रोज येऊ लागले होते. रमाबाई शनिवारचे उपवास करीत आणि साहेबांच्या जिवास अपाय होऊ नये म्हणून देवाजवळ मागणे मागत. त्या पतीस साहेब म्हणत, आणि ते त्यांस रामू म्हणत. प्रकृतीस हवापालट म्हणून त्या काही दिवस धारवाडास वराळे यांच्याकडे जाऊन राहिल्या होत्या. तेथील वसतिगृहातील मुलांचे अनुदान थकून मुलांवर उपाशी राहण्याची पाळी आली, तेव्हा रमाबाईंनी हातांतील सोन्याच्या बांगड्या काढून मुलांच्या जेवणासाठी दिल्या, ही हकीकत धारवाडकडील लोक अजून सांगतात. लंडनच्या पत्रात सुचविलेली गोष्ट त्यांनी अशा रीतीने परक्या मुलांसाठीही केली. मात्र या वेळी कोणी तसे पत्र लिहिलेले नव्हते.

त्यांची एक इच्छा अपुरी राहिली. पंढरपुरास जाऊन विठोबाचे दर्शन घ्यावे, असे त्यांच्या मनात फार दिवसांपासून होते. पण आपल्या लोकांस त्या काळी देवळाच्या पायरीपासून दूर उभे राहावे लागे. पत्नीने तसे उभे राहणे बाबासाहेबांस मान्य होणे शक्य नव्हते. सदाचरणाने आणि दीनदुबळ्यांच्या सेवेने आपण दुसरेच पंढरपूर उभारू, अशा आशयाची समजूत त्यांनी घातली. रमाबाई पुढे तो विषय काढीनाशा झाल्या. मनातून काढला की नाही, ते त्यांच्या त्या जाणोत. श्रद्धाळू पत्नी आणि बुद्धिवादी पती यांचा संसार कसा झाला, असे काही विद्वान विचारतात. तो एकमेकांचे मन राखून झाला. त्यात कोणी कोणास जिंकले नाही.

दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून झाले आणि कुटुंबाने परळचे बिऱ्हाड हलविले. मोठे घर, पुस्तकांची दालने, मोकळी हवा असे सर्व आले. पण त्या घरात रमाबाईंचा बहुतेक काळ अंथरुणावरच गेला. २७ मे १९३५ रोजी त्या निवर्तल्या. त्या वेळी त्यांचे वय सदतीस वर्षांचे होते. अंत्ययात्रेस सहस्रावधी लोक लोटले. बाबासाहेबांनी मुंडन करविले आणि काही दिवस कोणाशी न बोलता खोलीत बसून काढले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी येवले येथे त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी प्रतिज्ञा जाहीर केली. ती ऐकण्यास रमाबाई नव्हत्या.

पाच वर्षांनी, १९४० च्या अखेरीस, पाकिस्तानच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. राजकारणाच्या त्या जड ग्रंथाच्या आरंभी अर्पणपत्रिका आहे. तीत पत्नीच्या मनाचा चांगुलपणा, शीलाचे पावित्र्य, आणि मित्र नव्हते व अन्नाची विवंचना होती त्या दिवसांत तिने शांतपणे सोशिलेले कष्ट यांचा उल्लेख आहे. नाव मात्र सौभाग्यवती रमाबाई आंबेडकर असे घातलेले नाही. परळच्या खोलीत हाक मारीत असत तेच, रामू एवढेच, छापले आहे.